शंका-समाधान : यूव्ही एअर प्युरिफायर

प्रश्न : यूव्ही दिव्याचा प्युरिफायर रोज चालतो, तरी फटाक्यांच्या धुराचा खोकला तसाच आहे. दिवा बिघडला असेल का? (नाशिक)

उत्तर : दिवा बहुधा ठीक असेल, पण धूर हटवणं हे त्याचं कामच नाही. 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्ही-सी (अतिनील) किरण जंतूंच्या डीएनए-आरएनएची मोडतोड करतात आणि त्यांची वाढ थांबते. धूर, धूळ, परागकण मात्र जसेच्या तसे हवेत राहतात. ते अडवायला हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कण धरणारी गाळणी हवी आणि पंख्यात पुरेसा दमही हवा. तुमची खोली 10 बाय 12 फुटांची आणि 10 फूट उंच धरली, तर हवा होते साधारण 34 घनमीटर. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे तासाला स्वच्छ हवा देण्याची क्षमता, 170 घनमीटरच्या आसपास लागतो.

जंतूंच्या बाबतीतही सगळं मात्रेवर अवलंबून असतं. किरणांची तीव्रता गुणिले वेळ, ही ती मात्रा. 20 सेंटिमीटरच्या नळीसमोरून सेकंदाला एक मीटर वेगाने जाणाऱ्या हवेला जेमतेम 0.2 सेकंद मिळतात. तीव्रता चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅट असली, तरी एका फेरीत मात्रा फक्त 1 मिलिज्यूल पडते. बुरशीच्या बीजाणूंना त्याच्या कितीतरी पट लागते. पंखा मंद केल्यास मात्रा वाढते, पण फेऱ्या कमी होतात, म्हणजे फारसं काही साधत नाही. खोक्यावर ‘99.9 टक्के’ लिहिलेलं दिसलं, तर चाचणी केवढ्या पेटीत आणि किती वेळ झाली ते आधी वाचा. पैसे मोजकेच असतील तर आमच्या मते हेपा आधी, दिवा नंतर.

प्रश्न : दिवा छान निळा पेटतो. मग तो बदलायचा कशाला? (सांगली)

उत्तर : तो निळा उजेड जंतू मारत नाही, आणि जे किरण मारतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाऱ्याच्या नळीचं आयुष्य साधारण 9000 तास असतं. रात्रंदिवस चालवली तर वर्षभर, रोज आठ तास चालवली तर तीनेक वर्षं. सारखी चालू-बंद केल्यास त्याहून लवकर संपते. धूळ बसली की किरण अडतात. प्लग काढा, नळी गार होऊ द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. काचेला उघडा हात लावू नका.

नवी नळी ‘ओझोन-फ्री’ लिहिलेलीच घ्या. 185 नॅनोमीटरचे किरण बाहेर पडू देणारी नळी ओझोन तयार करते, आणि दम्याच्या माणसाला तो त्रासदायक ठरतो. झेरॉक्स मशीनजवळ येतो तसा तिखट वास आला तर यंत्र बंद करा.

प्रश्न : उघडी यूव्ही ट्यूब रात्री खोलीत लावली तर? (डोंबिवली)

उत्तर : माणसं, मांजर, कुंड्या खोलीत असताना अजिबात नको. 254 नॅनोमीटरचे किरण माणसाच्या अंगावर पडण्याची आठ तासांची मर्यादा चौरस सेंटिमीटरला 6 मिलिज्यूल धरली जाते. 30 वॅटच्या ट्यूबसमोर एक मीटरवर ती साधारण मिनिटभरात संपते. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. क्षयरोग वॉर्डांत असे दिवे सात फुटांच्या वर, झडपांआड बसवतात आणि पंख्याने हवा वर-खाली फिरवतात. तो नमुना घरी हौसेने उभारू नये.

नळी फुटली तर खिडक्या उघडून पंधरा-वीस मिनिटं बाहेर थांबा. नंतर हातमोजे घालून तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा पसरतो. बरणी रोजच्या कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्यात द्या.