डिलक्स आवृत्ती संग्रही ठेवण्यासारखी केव्हा ठरते?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीत राहून लेदरचं कव्हर, सोनेरी कडा, पेटी आणि 'मर्यादित प्रती' असं सगळं असलेली पुस्तकाची साडेतीन हजार रुपयांची डिलक्स आवृत्ती घ्यावी का, आणि घेतली तर वरचं प्लॅस्टिकचं सील फोडावं की तसंच ठेवावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून सावंतवाडीच्या एका स्नेह्यांशी माझं कायमचं वाजलेलं आहे. सील फोडा.

आता पुस्तकाचं. लेदर, सोनं, रिबीन हे सगळं शेवटी बघायचं. पहिल्यांदा पुस्तक मधोमध उघडा आणि दोरा शोधा. फर्मा, म्हणजे एक मोठा कागद घडी घालून झालेला पानांचा जुडगा, सोळा पानांचा असेल तर आठव्या-नवव्या पानाच्या घडीत शिलाई दिसलीच पाहिजे. वरून कण्याकडे बघून घड्या दिसल्या म्हणून खूश होऊ नका. नॉच बाइंडिंगमध्येही फर्म्याच्या घड्या शाबूत असतात, फक्त पाठीला खाचा पाडून त्यात गम भरलेला असतो. दोरा नसतोच. आणि कण्याच्या टोकाला दिसणारी रंगीत हेडबँड ही आजकाल मीटरवर मिळणारी, वरून चिकटवलेली पट्टी असते. तिचा शिलाईशी काही संबंध नाही. जुजबंदी केलेलं, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवलेलं, पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं आणि पुढे कव्हर गेलं तरी पुन्हा बांधता येतं. हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावलेल्या गमचं पुस्तक वयाबरोबर कडक होतं आणि मग मधूनच तडकतं. साडेतीन हजार घेऊन गम लावणाऱ्याला मी डिलक्सचा प्रकाशक मानत नाही.

मग कागद. कागद ओल लागली की तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. तंतू कण्याला समांतर असतील तर पान बाहेरच्या बाजूला वाढतं, तिथे त्याला मोकळीक असते. तंतू आडवे असतील तर पान कण्याच्या लांबीत वाढू बघतं, पण तिथे ते बांधलेलं. मग घडीजवळ लाटा पडतात आणि त्या जात नाहीत. छापखान्यात शीट वाचवण्यासाठी हा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, सर्रास उलटा घेतला जातो. पुण्याच्या कोरड्या हवेत ते खपून जातं, आपल्याकडे पहिल्याच जुलैत कळतं. ओळखायला सोपं आहे. पुस्तकाचं एक पान हलकेच उभं वाकवून बघा, मग आडवं. ज्या बाजूने सहज वळतं ती घडी ग्रेनला समांतर, आणि ती कण्याला समांतर हवी.

आर्ट पेपरवरच्या चित्रांबद्दल विशेष सांगतो. या कागदावर चिनी मातीचा थर असतो. तो ओला होऊन दोन पानं दाबली गेली आणि तशीच वाळली की एकच होतात, आणि सोडवायला गेलं की चित्राचा थर उपटून येतो. यावर घरगुती इलाज नाही.

लेदर म्हणाल तर जाहिरातीत कोणतं लिहिलंय ते नीट वाचा. बकऱ्याचं खरं चामडं असेल तर पावसात बुरशी धरेल, पण मऊ कोरड्या फडक्याने पुसता येते, चामडं टिकतं. 'पीयू लेदर' किंवा 'बॉन्डेड लेदर' असेल तर सोडून द्या. दोन्हींत पॉलियुरेथेन हे प्लॅस्टिक असतं, त्याला दमट हवेत पाणीच फोडतं. काही वर्षांत कव्हर चिकट होतं, मग पापुद्रे सुटतात. इथल्या हवेला सुती कापडाची बांधणी सगळ्यांत बरी. सोनेरी कडांचंही तसंच, वरची कड नीट मढवलेली असेल तर धूळ आत जात नाही, हा तिचा खरा उपयोग. रंगवलेल्या किंवा छापलेल्या कडा नव्याने निघाल्यात, त्या ओलीत एकमेकींना चिकटतात. घेतल्याबरोबर पानं हळूहळू पिंजून मोकळी करा.

'मर्यादित' या शब्दावर जाऊ नका, आकडा कुठे छापलाय ते बघा. इंग्लंडच्या विल्यम मॉरिसच्या केल्म्स्कॉट प्रेस या छापखान्याने 1896 साली जुना इंग्रज कवी चॉसर याचा ग्रंथ काढला तो कागदावर 425 आणि व्हेलमवर, म्हणजे कमावलेल्या कातड्यावर, 13 प्रतींचा. मर्यादा म्हणजे हे. आकडा नसेल तर मर्यादा मागणीची. सहीचं पानही तपासा. फर्म्यात शिवलेलं उत्तम, कडेला गमने डकवलेलं चालेल, स्टिकर असेल तर त्याला सहीची प्रत म्हणू नये. आणि आतला मजकूर तीच जुनी डीटीपी फाइल, त्याच चुकांसकट असेल, तर नुसत्या पेटीसाठी इतके पैसे कशाला?

सावंतवाडीचे ते स्नेही सीलबंद ठेवण्याच्या बाजूने दर वेळी संविधान काढतात. मूळ हस्तलिखित प्रत नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत आहे, मग बंद ठेवण्यात वाईट काय, असा त्यांचा मुद्दा. अहो, त्या पेटीतली हवा काढलेली आहे आणि आर्द्रतेवर सतत लक्ष असतं. तुमच्या श्रिंक रॅपला, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या सीलला, हवा निघावी म्हणून बारीक भोकं पाडलेली असतात. त्यातून चार महिने ओल हळूहळू आत जाते आणि बाहेर यायला तेवढाच वेळ घेते. आमसुलं पुरती वाळल्याशिवाय आपण बरणी बंद करत नाही, पुस्तक मात्र भर पावसात पॅक झालेलं चालतं! त्यांचा एक संच गणपतीनंतर उघडला तेव्हा मी समोर होतो. फिल्मच्या ताणाने पुठ्ठ्यांच्या कडा आत वळलेल्या, अस्तराच्या, म्हणजे कव्हरला आतून चिकटवलेल्या कागदाच्या, घडीत राखाडी ठिपक्यांची रांग, आणि मधली आठ चित्रं एकजीव झालेली. नखाने कोपरा उचलला तर खालच्या चित्रातलं निळं आकाश वरच्या पानाच्या पाठीवर आलं. त्यांचं म्हणणं अजूनही हेच की छापखान्याने ओला कागद दिला. दिला असेलही. पण सील जूनमध्ये फोडलं असतं तर जूनमध्येच कळलं असतं.

शिवाय संविधानाचा दाखला द्यायचाच तर दुसरा द्यावा. प्रेम बिहारी नारायण रायजादांचं अक्षर, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या चित्रकारांची सजावट, आणि देहरादूनला सर्व्हे ऑफ इंडियाने फोटोलिथोवर, म्हणजे हस्तलिखिताच्या फोटोवरून, काढलेल्या 1000 प्रती. त्यातलं अक्षर आणि चित्रं नेहमीच्या छापील आवृत्तीत नाहीत, म्हणून लोक त्या शोधतात.

ठेवण्याचं थोडक्यात. जांभ्याच्या भिंतीतलं फडताळ पुस्तकांना वाईट, भिंत ओल ओढते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, आकडा 65 च्या वर सतत राहिला तर बुरशी धरणारच. सिलिका जेल वापरत असाल तर रंग बदलला की तापवून घ्या, नाहीतर जूनमध्ये ठेवलेली पुडी जुलैत नुसती शोभेची. पूर्वी कपाटात छोटा बल्ब जळत ठेवायचे, तो उष्णतेसाठी, एलईडीने ते होत नाही. वेखंडाची पुरचुंडी कसरीला उपयोगी, बुरशीला नाही. ऑक्टोबरमध्ये पुस्तकं सावलीत वाऱ्याला लावा, उन्हात नको.

आता एवढं बोलून झाल्यावर हेही सांगायला हवं की पुढे विकायचंच असेल तर सीलबंद प्रतीला जास्त भाव देणारे आहेत. तसं असेल तर ती प्रत कोकणात ठेवू नका, कोरड्या गावच्या नातेवाइकाकडे द्या. आणि घट्ट पेटी पावसात काढूनच ठेवा, पुठ्ठा फुगला की ओढताना कापड सोलवटतं.

प्रकाशकाला पैसे भरण्याआधी फर्म्याच्या मधल्या घडीचा फोटो मागा. दिला नाही तर एक विचारून बघा, बांधणीपूर्वीचे सुटे फर्मे मिळतील का. छोटे प्रकाशक कधीकधी देतात. ते कुठल्याही चांगल्या बाइंडरकडून जुजबंदी करून, कप्पा बोर्डावर, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर, सुती कापडात बांधून घ्या. खळ वापरणार असेल तर त्यात मोरचूद घालायला सांगा. नॉच नसलेली साधी गमवाली प्रत मात्र त्याच्याकडे नेऊ नका. तिची पाठ मशीनने घासून घड्याच कापलेल्या असतात, शिवायला काही उरलेलं नसतं.