आरोपात नाही, ते चौकशीत नाही

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि दोषारोपपत्राचा मसुदा वाचला. रोखपालाने पैसे खाल्ले हे अख्ख्या कार्यालयाला माहीत आहे, साहेब ‘लवकर आटपा’ म्हणून मागे लागलेत, आणि एवढं उघड असताना हे सगळे सोपस्कार कोणासाठी, असं तू विचारतेस. मसुद्यात आठ आरोप आहेत. त्यातले सहा आजच काढून टाक. उशिरा येतो, उद्धट बोलतो, वरिष्ठांना जुमानत नाही, हे सगळं जाऊ दे. पैशांच्या प्रकरणात ही भर घातली की बचाव सहाय्यक, म्हणजे चौकशीत रोखपालाची बाजू मांडणारा, चार तारखा त्यातच घालवतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. त्याची आधीची एखादी शिक्षा आताची शिक्षा ठरवताना विचारात घ्यायची असेल, तर ती मात्र त्याला आधी स्पष्ट कळवावी लागते. म्हैसूर राज्य विरुद्ध मांचे गौडा या निकालापासून हे ठरलेलं आहे.

उरलेल्या दोनातला पहिला बघ: ‘आपण वेळोवेळी कर्तव्यात कसूर करून शासकीय रकमेचा अपहार केला व शासनाची प्रतिमा मलिन केली.’ कोणती रक्कम? कोणत्या तारखेची? कोणाकडून घेतलेली? तू म्हणशील, तपशील जोडपत्र दोनमध्ये, म्हणजे आरोपांच्या विवरणात आहे. तिथेही ‘वेळोवेळी’ आणि ‘मोठ्या प्रमाणावर’ एवढंच आहे. ‘वेळोवेळी’ हा शब्द यापुढे लिहायचा नाही. माझ्या हातची दोषारोपपत्रं याच शब्दापायी मोघम ठरली आहेत आणि त्याची खंत मला अजून आहे.

आरोपात जे नाही, ते चौकशीत नाही. बिजलानी विरुद्ध भारत सरकार या २००६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: ज्या गोष्टीचा दोषारोप ठेवलेला नाही, तिची चौकशी करून दोषी ठरवता येत नाही. मोघम आरोपांबद्दल सवाई सिंग यांचा १९८६चा निकाल वाच. नोकरी जाणं म्हणजे पोटापाण्याचं साधन जाणं, म्हणून व्यवहार न्याय्यच हवा, हा त्यातला परिच्छेद दोनदा वाच.

आता लिहायचं कसं ते सांगतो. पावतीपुस्तक, रोकडवही आणि कोषागारात भरलेली चलनं शेजारी शेजारी ठेव. एका पावतीला एक ओळ: पावती क्रमांक, तारीख, पैसे भरणाऱ्याचं नाव, मूळ पावतीवरची रक्कम, दुय्यम प्रतीवरची रक्कम, रोकडवहीत जमा घेतल्याची तारीख, चलनाची तारीख. जिथे फरक पडतो, तोच तुझा आरोप. दुय्यम प्रत हातात घेऊन उजेडात बघ. कार्बन ठेवून लिहिलेली प्रत आणि नंतर पेनाने भरलेली प्रत यांतला फरक डोळ्यांना दिसतो. मूळ पावतीवर ४,५०० आणि दुय्यम प्रतीवर पेनाने ५०० असं निघालं, तर मूळ पावती पैसे भरणाऱ्याकडून आजच मिळव. ती मिळाली नाही तर तो फरक आरोपात घालू नकोस.

मग वाक्य असं होतं: ‘अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या पावतीने, अमुक व्यक्तीकडून स्वीकारलेल्या रुपये ४,५०० पैकी रुपये ४,००० आपण रोकडवहीत जमा घेतले नाहीत व कोषागारात भरले नाहीत.’ त्याखाली महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मधल्या नियम ३चा, म्हणजे सचोटी आणि कर्तव्यनिष्ठेच्या नियमाचा भंग. ‘अपहार’ हा शब्द तू वापरू नये असं माझं म्हणणं नाही, पण आधी घटना, मग तिचं नाव. नावच आधी लिहिलंस आणि पुराव्यातून फक्त हलगर्जी निघाली, तर हात रिकामे राहतील. म्हणून रक्कम वेळेत न भरल्याचा आरोप स्वतंत्र ठेव.

आरोप असा लिहिला की बाकीची दोन जोडपत्रं आपोआप तयार होतात. कागदाची यादी म्हणजे जोडपत्र तीन, साक्षीदारांची यादी म्हणजे चार. प्रत्येक कागदापुढे तो सिद्ध कोण करणार हे पेन्सिलीने लिहून ठेव. ज्याच्यापुढे नाव येत नाही तो कागद पडलाच म्हणून समज. रूपसिंग नेगी यांच्या २००९च्या निकालात नेमकं हेच झालं: कागद दाखल होते, पण ते सिद्ध करणारं कोणी तपासलंच नव्हतं. प्राथमिक चौकशीतला जबाबही असाच. जबाब देणारा माणूस उलटतपासणीसाठी समोर यायला हवा.

मसुदा झाला की तो शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे, मान्यतेला पाठव. चौकशी सुरू करायला मान्यता वेगळी, दोषारोपपत्राच्या मजकुराला मान्यता वेगळी. गोपीनाथ यांच्या २०१३च्या प्रकरणात दुसरी नव्हती आणि सगळं रद्द झालं. रोखपाल निवृत्त कधी होतो तेही आजच बघ. निवृत्तीनंतर दोषारोपपत्र दिलंस, तर चार वर्षांपेक्षा जुनी घटना निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम २७मुळे हातातून जाते.

सादरकर्ता अधिकारी, म्हणजे चौकशीत कार्यालयाची बाजू मांडणारी, तूच आहेस आणि तू वकील आहेस. त्यामुळे रोखपालानेही वकील मागितला तर विरोध करू नकोस. मुंबई पोर्टच्या नाडकर्णी प्रकरणात १९८३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की एका बाजूला कायद्याचा माणूस असेल तर दुसऱ्या बाजूला तो नाकारता येत नाही. साहेब चिडतील. चिडू देत.

एवढा वेळ कुठे आहे, असं तू लिहितेस. चौकशी शक्यतो सहा महिन्यांत, फार तर वर्षात संपवावी असं न्यायालयाने २०१५ साली सांगितलंय, मलाही ते मान्य आहे. पण आरोप लिहायला लागलेले पंधरा दिवस हा उशीर नव्हे. मोघम आरोप घेऊन सहा महिने तारखा करायच्या आणि प्रशासकीय न्यायाधिकरणाने पुन्हा पहिल्यापासून चौकशी करायला सांगायची, हा उशीर. मला या आग्रहापायी अडेलतट्टू म्हणणारे कमी नाहीत. त्यांच्यासाठी मी एक शब्दही बदलणार नाही. त्याने पैसे खाल्ले असतील तर ते याच पावत्यांतून दिसेल. खाल्ले नसतील तर तेही यातूनच दिसेल, आणि त्याची नोकरी वाचायला हवी.

नवा मसुदा पुढच्या आठवड्यात पाठव. दोनच आरोप, आणि सोबत त्या सात रकान्यांचा तक्ता. तक्त्यातला एखादा रकाना भरता येत नसेल तर अंदाजाने भरू नकोस, कोरा ठेव आणि कोणत्या पावतीचा आहे ते वर लिही.