आधी बारीत झोप, मग कळसूबाई चढ

प्रिय दोस्ता,

ऑक्टोबरात कळसूबाईवरून सूर्योदय बघायचाय, हे वाचून फार आनंद झाला. शूज कुठले घेऊ, पाणी किती घेऊ, असं तू विचारलंयस. त्यावर पुढे येतो. पण बाकी सगळं ज्यावर अवलंबून आहे ते आधी सांगतो. आदल्या संध्याकाळीच पायथ्याच्या बारी गावात पोहोच आणि तिथे झोप.

ऑफिस सुटल्यावर गाडी काढायची, मध्यरात्री घोटीत चहा घ्यायचा आणि पायथ्याला उतरलं की तसंच चढायला लागायचं, असं मी पाच-सहा वर्षं केलं. चढताना काही जाणवत नाही. अंगात हुरूप असतो, अंधारात उंचीही दिसत नाही. हिशेब चुकता होतो तो उतरताना. एका ऑक्टोबरात सकाळी नऊच्या सुमारास मी खाली येत होतो. ऊन चटकायला लागलं होतं, डोळे आपोआप मिटत होते. पावसाने वाहून आणलेली बारीक खडी या दिवसांत वाळून सुटी होते, तोच आपला घसारा. त्यावर टाच पडली आणि पाय मुरगळून मी खालीच बसलो. गवत कापायला आलेल्या एका मावशींनी विळा बाजूला ठेवला, फडक्याने माझा घोटा करकचून बांधला आणि हातात काठी दिली. एरवी दोन तासांची उतरण, त्या दिवशी चार तास लागले. ती वाट मी कितीतरी वेळा उतरलो होतो. त्या रात्री मात्र तासभरही झोपलो नव्हतो.

बारीत घरगुती जेवणाची आणि झोपायची सोय होते. पिठलं-भाकरी खा, आठ-साडेआठला आडवा हो, दोनला ऊठ, अडीचला निघ. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि चढायला तीन तास लागतात, मग इतकी घाई कशाला, असं वाटेल. पण सव्वापाचलाच तांबडं फुटायला लागतं, आणि माझ्या मते बघण्यासारखे रंग त्या सव्वा तासातच असतात. सूर्य वर आला की दहा मिनिटांत रंग उडतात.

पहिल्यांदाच जातोयस, तर कोजागिरीनंतरची वद्य चतुर्थी ते सप्तमी बघ. चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि तू चढत असताना नेमका डोक्यावर असतो. पुढच्या वेळी दिवाळीच्या अमावास्येला जा, म्हणजे मृग नक्षत्र आणि त्याच्या खालचा व्याध लख्ख दिसतील. नवरात्रात देवीची यात्रा असते. गर्दीतली ती श्रद्धा बघायची असेल तर जरूर जा, पण मग शांतता मागू नकोस. शक्यतो शनिवार-रविवारही टाळ. शिड्यांवर रांग लागते आणि लोक तांबडं बघण्याऐवजी पुढच्याची पाठ बघत उभे राहतात.

शिड्या लोखंडी आहेत. या दिवसांत पहाटे त्यांच्यावर दव असतं. कठडा बर्फासारखा गार लागतो, पायरीवर पाय सरकतो. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून हातातली बॅटरी नको, डोक्याला लावायचा टॉर्च घे. आणि बारी डोंगराच्या पूर्वेला असल्यामुळे चढताना तुझी पाठ उजेडाकडे राहील. मधूनमधून थांब आणि वळून बघ.

माथा 1646 मीटरवर आहे, आणि वर वारा असतो. घामाने भिजलेला शर्ट पोहोचताक्षणी बदल. हे ऐकलं नाहीस तर सूर्योदयापर्यंत दात वाजवत बसशील, कारण थंडी उजाडायच्या सुमारासच सर्वांत जास्त असते. रात्र निरभ्र आणि खाली वारा पडलेला असेल, तर गार हवा दरीत उतरून साचते आणि भंडारदऱ्याच्या पाण्यावर, भातखाचरांवर धुकं धरतं. वरून बघताना वाटतं, दुधाचं भांडं कुणी काठोकाठ भरून ठेवलंय.

सूर्य आला की सगळे पूर्वेकडे फोन धरतात. तू देवळाच्या मागे जाऊन पश्चिमेकडे बघ. कळसूबाईची सावली इगतपुरीकडच्या धुरकट हवेवर पडलेली असते, अगदी रेखीव त्रिकोण, टोकासकट. डावीकडे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले उन्हात उजळत असतात आणि ही सावली हळूहळू आखडत आपल्याकडे येते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा, ज्या डोंगरावर उभा होतो त्याचाच आकार हवेत आडवा पडलाय, हे कळायलाच वेळ लागला.

शूज खोल खाचांच्या तळव्याचे घे, महागच हवेत असं नाही. पाणी दोन लिटर, कारण उतरताना ऑक्टोबरचं ऊन शोषून घेतं. अत्तर, बॉडीस्प्रे लावू नकोस आणि वर काही पेटवू नकोस. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. खाली भात कापणीला आलेलं असेल. अंधारात वाट सोडून कुणाच्या खाचरात पाय घालू नकोस, लोकांचं वर्षाचं धान्य असतं ते.

साडेआठच्या आत उतरायला लाग. तारीख ठरली की कळव. माझा टॉर्च तुझ्यासाठी काढून ठेवलाय, सेल तेवढे नवे घाल.

तुझा,
काका