रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा मास्क हनुवटीवर का असतो?

आपला प्रश्न असा आहे की, वडिलांना दम्याच्या त्रासामुळे कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात दाखल केले आहे, तेथील बहुतेक कर्मचाऱ्यांचा मास्क हनुवटीवर आणि काहींचा खिशात असतो. हा निष्काळजीपणा समजावा का, आणि आपण त्यांना टोकले तर वडिलांच्या उपचारांवर परिणाम होईल का? मी याच शहरात परिचारिका आहे आणि सध्या माझ्याकडे संसर्ग नियंत्रणाचे काम आहे. कोणी हात धुतले, कोणता कचरा कोणत्या पिशवीत गेला आणि कोणाचा मास्क कुठे आहे, हे पाहत फिरणे हाच माझा दिवसभराचा उद्योग असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

महाराष्ट्रात मास्कची सक्ती 2 एप्रिल 2022 रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला उठली. त्यानंतर रुग्णालयातही मास्क केव्हा लावायचा हे समोरच्या कामावरून ठरते. खोकला नसलेल्या रुग्णाचे बी.पी. मोजणाऱ्या, स्वतः ठणठणीत असलेल्या सिस्टरच्या तोंडावर मास्क नसेल, तर त्याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. परंतु रुग्ण खोकत असेल, सक्शन करायचे (नळीने कफ ओढून काढायचा) असेल, रक्त किंवा स्राव उडण्याची शक्यता असेल, किंवा कर्मचाऱ्याला स्वतःलाच सर्दी झाली असेल, तर मास्क नाकावर असलाच पाहिजे. आपल्या वडिलांना नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) लावताना ते खोकतातच. त्या वेळी जवळ वाकलेल्या व्यक्तीचा मास्क हनुवटीवर असेल, तर आपली तक्रार रास्त आहे.

एक विसंगती आमच्या क्षेत्रात सर्वांना दिसते, पण तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मास्कची शिस्त सर्वांत कडक असते ती ऑपरेशन थिएटरमध्ये. तेथे मास्क न लावता पाऊल टाकण्याची कोणाची छाती होत नाही. ही प्रथा जुनी आहे. मिकुलिच या शल्यविशारदाने 1897 मध्ये तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे तोंडावर जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया करण्यास सुरुवात केली होती. पुढे 1980 मध्ये नील ऑर या इंग्लंडमधील शल्यविशारदाने आपल्या थिएटरमध्ये काही महिने मास्क न वापरता काम करून पाहिले, तेव्हा जखमांमधील संसर्ग वाढलेला आढळला नाही. त्यावरून थिएटरमधील मास्क काढून टाकावा असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही, कारण उडणाऱ्या रक्तापासून तो शल्यविशारदाच्या नाकातोंडाचे रक्षण करतो, आणि ते कारण पुरेसे आहे. पण जेथे पुरावा तुलनेने कमकुवत आहे तेथे आम्ही सर्वांत काटेकोर, आणि जेथे धोका खरा आहे तेथे सर्वांत ढिले, ही वस्तुस्थिती उरतेच.

खरा धोका असतो तो निदान न झालेल्या खोकल्यात. जगातील क्षयरोगाच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे, आणि आपल्या भागात तर शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, सिलिकायुक्त वाळूत काम करणारा मोठा कामगारवर्ग आहे. त्या धुळीमुळे फुप्फुसे खराब झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. असा एखादा कामगार गावातल्या डॉक्टरांकडून खोकल्याच्या बाटल्या घेऊन थकला की शहरातल्या रुग्णालयात येतो, आणि पहिल्यांदा खोकतो तो केसपेपरच्या खिडकीवर. खिडकीआडच्या कारकुनाला कोणी मास्क दिलेला नसतो. दारावरचा सुरक्षारक्षक, व्हीलचेअर ढकलणारे मामा आणि थुंकीची भांडी उचलणाऱ्या मावशी यांचा नंबर स्टोअरच्या यादीत शेवटी लागतो. ज्या आयसीयूमध्ये रुग्णाचे निदान आधीच झालेले असते, तेथील कपाटात मात्र एन-95 कुलूपबंद असतात आणि इन्चार्ज सिस्टरच्या सहीशिवाय हलत नाहीत.

येथे दोन प्रकारच्या मास्कमधला फरक सांगणे भाग आहे. निळ्या-हिरव्या रंगाचा तीन थरांचा सर्जिकल मास्क मुख्यतः लावणाऱ्याच्या तोंडातून उडणारे थेंब अडवतो, म्हणजे तो समोरच्यासाठी असतो. क्षयरोगाचे जंतू ज्या कणांवरून पसरतात ते एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहू शकतात. सर्जिकल मास्कच्या कडांमधून ते सहज आत येतात. त्यांच्यासाठी एन-95 लागतो, जो 0.3 मायक्रॉनचे किमान 95 टक्के कण अडवतो, मात्र चेहऱ्याला घट्ट बसला तरच. म्हणून क्षयरोगाची शंका असेल तेव्हा रुग्णाला सर्जिकल मास्क आणि कर्मचाऱ्याला एन-95 असा नियम आहे. प्रत्यक्षात मी याच्या नेमके उलटे चित्र अनेकदा पाहते: नातेवाईक काळजीपोटी रुग्णाला महागडा एन-95 आणून देतात, त्यात त्याचा जीव घुसमटतो, तो काढून टाकतो, आणि सिस्टर सर्जिकल मास्कवरच काम चालवते.

एन-95 हातात आला तरी तो नीट लावला जाईलच असे नाही. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी लागते आणि नंतर जोरात श्वास सोडून कडेने हवा निसटते का हे पाहावे लागते. डोळ्यांकडे गरम हवा आली तर मास्क बसलेला नाही. ही तपासणी करणारे मोजकेच. एन-95 जास्त दिवस टिकावा म्हणून काही जण खाली सर्जिकल मास्क लावून त्यावर तो चढवतात, त्यामुळे मधे फट राहते आणि सगळा खटाटोप वाया जातो. काही जण तो घरी नेऊन साबणाने धुतात. मधल्या थरावरच्या विद्युतभारामुळे कण अडतात आणि धुण्याने तो भार जातो, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. दाढीवाल्यांचा तर प्रश्नच वेगळा. केसांवर मास्क कधीच घट्ट बसत नाही.

मग हनुवटीवर का? पहिले कारण शरीराचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत, पंखा फिरतो पण हवा लागत नाही अशा वॉर्डात, बारा तासांच्या ड्युटीत मास्क आतून ओला होतो आणि ओला मास्क बदलायला दुसरा मिळत नाही. चष्म्यावर वाफ धरते आणि सलाईनची शीर दिसेनाशी होते. दुसरे कारण बोलण्याचे आहे, आणि ते मला जास्त खरे वाटते. राधानगरी-गगनबावड्याकडचे वयस्कर रुग्ण ऐकायला कमी असतात, निपाणीकडून येणाऱ्यांपैकी काहींना मराठीपेक्षा कन्नड जवळची असते; सिस्टरने मास्कमधून सांगितलेली गोळ्यांची वेळ त्यांना कळत नाही, मग ती मास्क खाली ओढून सांगते आणि तो पुन्हा वर जात नाही. याशिवाय एक कारण आमच्या जिल्ह्याचे खास म्हणावे असे: गालात मावा धरलेल्या वॉर्डबॉयचा मास्क ड्युटीभर इतका नीट असतो की माझ्यासारखीला आधी कौतुक वाटावे आणि मग शंका यावी.

सर्वांत मोठे कारण मात्र हुद्द्याचे आहे. मोठे डॉक्टर राऊंडला मास्क न लावता आले की त्यांच्या मागे चालणाऱ्या निवासी डॉक्टरांचे मास्क खाली येतात, त्यांचे पाहून सिस्टरचे, आणि सिस्टरचे पाहून मावशींचे. मी मावशींना टोकू शकते. मोठ्या डॉक्टरांना टोकताना शब्द जुळवावे लागतात. चीनमधील मांचुरियात 1910-11 मध्ये फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरने हा रोग श्वासातून पसरतो असे सांगून गॉझ व कापसाचे मास्क वापरायला लावले. मेस्नी या वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या फ्रेंच डॉक्टरला एका तरुणाचे ऐकणे कमीपणाचे वाटले. तो मास्क न लावता रुग्णांना तपासायला गेला आणि काही दिवसांतच त्याच रोगाने दगावला. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, पण मेस्नी प्रत्येक रुग्णालयात एखादा तरी असतोच.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. टोकल्यामुळे उपचारात हयगय होईल ही भीती मनातून काढा. फार तर एखादी सिस्टर दोन दिवस तुटक बोलेल. वॉर्डात सर्वांसमोर ‘तुमचा मास्क कुठे आहे?’ असे विचारले की समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. त्याऐवजी ‘बाबांना लगेच सर्दी लागते, नेब्युलायझर लावताना तेवढा मास्क वर घ्याल का, सिस्टर?’ असे म्हटले की तो सहसा नाकावर जातो, कारण विनंतीला कामाचे कारण जोडलेले असते. मावशींना आणि मामांना मास्क मिळाला आहे का हेही विचारा, आणि मिळाला नसेल तर बोल त्यांना लावू नका. ती तक्रार इन्चार्ज सिस्टरकडे किंवा रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीकडे लेखी द्या. एनएबीएच (रुग्णालयांच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय) मानांकन असलेल्या रुग्णालयाला संसर्ग नियंत्रणाची व्यवस्था ठेवावीच लागते आणि लेखी तक्रारीची दखल घ्यावी लागते. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकत असेल आणि त्याची थुंकी तपासलेली नसेल, तर कर्मचाऱ्यांच्या मास्कआधी त्याविषयी डॉक्टरांना विचारा, त्याला सर्जिकल मास्क द्यायला सांगा, वडिलांची खाट खिडकीजवळ हलवून मागा आणि ती खिडकी उघडी राहील असे पाहा.