नदीकाठी आणि जंगलात मुलांना शिकवणे: हा पेशा होऊ शकतो का?

प्रश्न: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. माझी मुलगी यंदा गुजरात बोर्डातून बारावी सायन्स, बी ग्रुप (जीवशास्त्राचा गट) घेऊन पास झाली. नीटमध्ये सरकारी सीट मिळण्याइतके मार्क आले नाहीत. एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा द्यावी, असे तिच्या वडिलांचे मत आहे. ती मात्र अकरावीत जांबुघोड्याच्या निसर्गशिबिराला गेली आणि तिथे लहान मुलांचा एक गट तिला सांभाळायला दिला, तेव्हापासून ‘शाळेच्या मुलांना नदीवर, जंगलात नेऊन शिकवायचे आहे’ असे म्हणते आहे. यात पोट भरेल का, की हा नुसता छंद आहे? शिवाय हरणीला जे घडले त्यानंतर दुसऱ्यांची मुले पाण्याजवळ नेण्याची जबाबदारी तिने अंगावर घ्यावी, हे माझ्या मनाला पटत नाही.
— एक आई

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेली काळजी मी आधी घेते, कारण या कामाची खरी ओळख तिथूनच होते. 18 जानेवारी 2024 रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि 12 विद्यार्थी व 2 शिक्षक दगावले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर पुष्कळ पालकांनी सहलीच्या संमतिपत्रावर सही करणेच सोडले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण मुले पुढेही तलावावर, नदीवर, जंगलात जाणारच आहेत. अशा वेळी ‘एवढी मुले या बोटीत बसणार नाहीत’ असे ठामपणे सांगणारे, आणि ज्याच्या सांगण्यावरून कार्यक्रम खरोखर थांबतो असे, एक प्रशिक्षित माणूस सोबत असावे लागते. तुमची मुलगी ज्या पेशाबद्दल बोलते आहे, त्यातले निम्मे काम हेच आहे.

ते काम कसे असते ते थोडे सविस्तर सांगते. मुलांना ओढ्यावर न्यायचे असेल तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाणी पाहून यावे लागते. वाळू उपसलेल्या पात्रात गुडघाभर पाण्याला लागूनच पुरुषभर खोल खड्डा असू शकतो, म्हणून मुलांनी कुठपर्यंत उतरायचे ती हद्द दोरी बांधून ठरवावी लागते. वर डोंगरात पाऊस झाल्याचे कळले तर खाली लख्ख ऊन असतानाही मुलांना पाण्यात उतरू देता येत नाही. आग्या मोहोळ लटकलेल्या झाडाखाली डबे उघडायचे नाहीत; सर्पदंशावरचे इंजेक्शन जवळच्या कोणत्या दवाखान्यात मिळते ते निघण्याआधी विचारून ठेवायचे; कोणाला दमा आहे, कोणाला ॲलर्जी आहे हे संमतिपत्रांतून काढून वहीत लिहायचे; आणि बसमध्ये चढताना, उतरताना, जेवणाआधी, जेवणानंतर डोकी मोजायची. शिबिराच्या फोटोत यातले काहीच दिसत नाही. मुलीला हे सगळे वाचून दाखवा आणि तिचा चेहरा पाहा. ‘हे काय, पक्षी कधी बघायचे?’ असे ती म्हणाली, तर आपल्याला वेगळ्या वाटेचा विचार करावा लागेल.

असे म्हणण्याचे कारण सांगते. निसर्गाची आवड असलेली मुले माझ्याकडे बरीच येतात आणि त्यांतल्या बहुतेकांना प्राणी-पक्ष्यांचे काम हवे असते. तुमच्या मुलीला हवे असलेले काम मात्र शिक्षिकेचे आहे. फळ्याच्या जागी नदी आली, एवढाच फरक. हिवाळ्यातल्या सकाळी काळा घोड्याजवळच्या पुलावर सहावीचा वर्ग उभा आहे असे समजा. खाली विश्वामित्री नदीच्या काठावर एक मगर जबडा उघडा टाकून पडली आहे आणि कोणीतरी ओरडते, ‘चावायला बघतेय!’ नुसता माहितगार माणूस लगेच सांगून टाकतो की ही दलदली मगर, हिला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण आहे, वगैरे. मुले दोन मिनिटे ऐकतात आणि मग एकमेकांना ढकलू लागतात. शिकवता येणारी व्यक्ती आधी गप्प राहते आणि मग विचारते: तोंड उघडल्यापासून ती जराही हलली का? तिच्यासमोर खायला काही आहे का? बाकीच्या मगरी उन्हात आहेत की सावलीत? कोणाचे अंग ओले आहे, कोणाचे वाळले आहे? पंधरा मिनिटांत वर्गातलेच कोणीतरी ‘ती तापली असेल’ इथपर्यंत येऊन पोहोचते. ते बऱ्याच अंशी बरोबर असते, कारण उन्हात शेकून अंग पुरेसे तापले की मगर तोंड उघडे ठेवून उष्णता बाहेर टाकते. पुस्तकातल्या ‘शीतरक्ताचा प्राणी’ या शब्दांना त्या क्षणी अर्थ येतो. त्यानंतर कायदा सांगा, लांबी सांगा, मुले सगळे ऐकतात.

असाच दुसरा पाठ पावसाळा सरल्यावर जांबुघोड्याच्या वाहत्या ओढ्यात घेता येतो. पाण्यातला एक दगड अलगद उलटा करून त्याच्या खालची बाजू पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात धुतली, तर पोटाच्या दोन्ही कडांना हलणारे कल्ले असलेली मेफ्लाय या कीटकाची पिल्ले सापडू शकतात, आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणारी कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाची अळीसुद्धा. त्यांतल्या बहुतेकांना भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. शहरातल्या सांडपाण्याच्या गाळात त्यांच्याऐवजी लालभडक अळ्या मिळतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे प्राणवायू फार कमी असला तरी त्या तग धरतात. दोन ट्रे शेजारी ठेवले की नदी आजारी आहे हे सांगायला कोणत्याही यंत्राची गरज राहत नाही. मात्र एका ट्रेभोवती पाच-सहापेक्षा जास्त मुले बसवता येत नाहीत, मागची मुले पाण्यात चिखल कालवतात, आणि पाहून झाले की प्रत्येक अळी परत त्याच दगडाखाली सोडावी लागते. हे सगळे शांतपणे घडवून आणणे ही कला आहे आणि ती कोणत्याही पदवीच्या पुस्तकात नाही.

म्हणून तुम्हाला एक विचारते. शिबिराहून आल्यावर मुलगी घरी काय सांगत होती? दिसलेल्या पक्ष्यांची यादी, की अंधाराला घाबरून रडणारा तो एक मुलगा शेवटी कसा तंबूत झोपला, ते? दुसरे असेल तर तिचे बोलणे गांभीर्याने घ्या.

आता पोटापाण्याचे. ‘निसर्गशिक्षक’ अशा नावाने सरकारी जाहिरात निघेल याची वाट पाहू नये. काम मात्र आहे, आणि त्याला आधारही आहे. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितले आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांना कुठे न्यायचे आणि काय करायचे हे अनेक शाळांना सुचत नाही, तिथे जाणत्या माणसाची गरज भासते. आपल्या राज्यात या कामाची परंपराही जुनी आहे. गांधीनगरचे गीर फाउंडेशन 1982 पासून आणि अहमदाबादचे सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन 1984 पासून पर्यावरण शिक्षणात आहे. वनखाते जंगलांत निसर्गशिक्षण शिबिरे भरवते. त्याखेरीज मोठ्या खासगी व निवासी शाळा, प्राणिसंग्रहालयांचे शिक्षण विभाग, स्वयंसेवी संस्था आणि शिबिरे भरवणाऱ्या खासगी कंपन्या आहेत.

पण चित्र गुलाबी करून सांगणार नाही. सुरुवातीची काही वर्षे बहुतेकांना दिवसाप्रमाणे मानधन मिळते, आणि तेही हंगामी असते, कारण शिबिरे मुख्यतः दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत आणि थोडी उन्हाळ्याच्या सुटीत होतात. डॉक्टर किंवा फार्मसीला गेलेल्या मैत्रिणींशी तुलना केली तर मन खट्टू होणार. काही खासगी शिबिरवाले ‘अनुभव मिळतो ना’ एवढ्यावर मुलामुलींकडून महिनोन्महिने फुकट काम करवून घेतात, त्यांच्यापासून चार हात दूर राहावे. कुठेही जाण्याआधी कर्मचाऱ्यांचा विमा आहे का, एका व्यक्तीकडे किती मुले देतात, मुक्कामी महिला कर्मचारी किती असतात, हे तिने तोंडावर विचारावे. ज्यांची उत्तरे गुळमुळीत येतील त्यांच्याकडे मुले सुरक्षित नसतात आणि कर्मचारीही नसतात.

बी.एड. घेऊन शाळेत विज्ञानशिक्षिका होणे आणि तिथून हे काम वाढवणे ही मला सर्वांत भक्कम वाट वाटते. महिन्याचा पगार हातात असतो, मुले वर्षभर आपलीच असतात, आणि एकदा नदीवर नेलेल्या वर्गाला पुन्हा पुढच्या ऋतूत त्याच जागी नेता येते. एका दिवसाच्या पाहुण्या मार्गदर्शकाला ही संधी कधीच मिळत नाही.

शिक्षणासाठी बडोद्याबाहेर जायची सध्या गरज नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत बी.एस्सी. करावी. प्राणिशास्त्र की वनस्पतिशास्त्र, असे विचाराल तर माझे मत वनस्पतिशास्त्राकडे झुकते आणि त्यावर माझ्या ओळखीचे पक्षीप्रेमी नाराज होतात. परंतु पन्नास मुलांच्या गलक्यात बिबट्या सोडाच, साधा धनेशही थांबत नाही, झाड मात्र जागच्या जागी असते. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो, आणि पाचवीच्या वर्गासाठी अर्ध्या तासाचा पाठ तिथेच तयार होतो. पदवीनंतर त्याच विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र शाखेचा विचार करता येईल. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथले वन्यजीवविषयक एम.एस्सी. अभ्यासक्रम उत्तम आहेत, पण ते संशोधकाच्या वाटेचे आहेत. तीन वर्षांत तिचा ओढा तिकडे वळला तर आनंदच आहे, आज त्यासाठी धडपडण्याचे कारण नाही.

पदवीची तीन वर्षे नुसत्या कॉलेजात घालवू नयेत. कमाटीबागेतली दहा झाडे निवडून त्यांची पालवी, फुले, फळे आणि त्यांवर येणारे किडे यांची वर्षभर नोंद ठेवावी. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जावे. शेतीसाठी गायकवाडी अमलात बांधलेल्या या तलावाला 2021 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला असून तिथे दूरवरून पट्टकादंब हंस उतरतात. विश्वामित्री पावागडला उगम पावते, तेव्हा तिच्या काठाने उगमापासून शहरापर्यंत टप्प्याटप्प्याने, जाणत्या माणसांबरोबर आणि दिवसाउजेडी, एकदा प्रवास करावा. मगरी उन्हाळ्यात काठावर खड्डे खोदून अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात, त्या काळात मादी जागा राखत असते, म्हणून मे-जूनमध्ये नदीकडे पुलावरूनच पाहावे. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये आल्या तेव्हा तुम्ही सर्वांनी पाहिलेच आहे की नदी आणि शहर यांच्यात भिंत नाही. यांशिवाय पोहणे आणि प्रथमोपचाराचे रीतसर प्रमाणपत्र, या दोन गोष्टींत सूट नाही.

जांबुघोड्याकडच्या गावांतली राठवा आदिवासी मुले हे जंगल आपल्यापेक्षा कितीतरी चांगले ओळखतात. आपण ज्याला मोह म्हणतो तो तिथे महुडो, टेंभुर्णी म्हणजे टीमरू, पळस म्हणजे खाखरो. मराठी घरातल्या, गुजराती शाळेत शिकलेल्या मुलीला हे शिकायला वेळ लागणार नाही, आणि शहरी मुलांचा वर्ग घेऊन गेल्यावर त्या गावातल्या मुलांनाच चार गोष्टी सांगायला पुढे करण्याची बुद्धी तिला झाली, तर ती चांगली शिक्षिका होईल.

राहिले तिच्या वडिलांचे म्हणणे. त्यांची चिंता मला परकी वाटत नाही. पण मन नसताना एक वर्ष घरी बसवले तर मार्क वाढतीलच असे नाही आणि घरातले वातावरण मात्र नक्की बिघडते. नीट किती वेळा द्यावी यावर आज मर्यादा नाही, त्यामुळे बी.एस्सी.ला प्रवेश घेऊनही पुढच्या वर्षी ती परीक्षा देता येईल. शिवाय वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राच्या पदवीवर भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसता येते, हेही त्यांच्या कानावर घाला. बी.एस्सी.मुळे कोणतेही दार बंद होत नाही, एवढे त्यांना पटले तरी आजचा वाद मिटेल.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी मुलीला एक काम द्या. पाचवीच्या तीस मुलांना कमाटीबागेत दोन तासांसाठी न्यायचे आहे असे धरून तिने पूर्ण आराखडा लिहून काढावा: किती मोठी माणसे सोबत, कुठे थांबणार, काय विचारणार, पाणी आणि स्वच्छतागृह कुठे, मूल हरवले तर काय. तो आधी तिच्या वडिलांना वाचायला द्या आणि त्यांनी त्यावर हव्या तेवढ्या शंका काढाव्यात. त्या शंकांची उत्तरे जोडून पुढचे पत्र तिने स्वतः मला लिहावे. कोणता विषय घ्यावा याचे नेमके उत्तर मी तो आराखडा वाचूनच देईन.