जुनी फायबरची नाव घेताना

प्रश्न : गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात आम्ही दोघं भाऊ जाळी टाकतो. लाकडी डोंगा थकला. कोकणातून आलेली, पंधरा वर्षं वापरलेली फायबरची नाव स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? – एक वाचक, पवनी तालुका

उत्तर : भाऊ, नाव पाण्यात असताना सौदा करू नका. काठावर ओढून पालथी करा आणि दोन दिवस सुकू द्या. मग रुपयाच्या नाण्यानं तळ ठोकत जा. टणटण आवाज आला तर थर घट्ट आहेत. बद आवाज आला तिथं खडूनं खूण करा, आत थर सुटलेत. बारीक फोड दिसले तर एक सुईनं फोडा. आंबूस वासाचं पाणी निघालं म्हणजे ओल जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत लेपाच्या, आत शिरली. थोडे फोड घासून, पूर्ण वाळवून इपॉक्सीनं, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेनं, भरता येतात. वाळायला आठवडे लागतात, घाई केली तर पुन्हा फुगतात.

खरी भीती मागच्या फळीची, जिच्यावर मशीन बसतं. आत प्लायवूड असतं. माझ्या पहिल्या नावेला बाहेरून नवा रंग होता. बोल्ट काढला तर छिद्रातून चहाच्या चोथ्यासारखा काळा भुसा आला. तो सौदा मला फार महागात पडला. तुम्ही बोल्ट काढल्याशिवाय विसार देऊ नका. विकणारा नाही म्हणाला तर उठून या.

फळी कोरडी निघाली तर मला कळवा, किमतीचं मग बोलू.