टेक्सासला शिकवायला जाण्यापूर्वी

प्रिय दोस्ता,

टीएशिप, म्हणजे टीचिंग असिस्टंटचं काम, मिळाल्याबद्दल अभिनंदन! ईमेलच्या शेवटी बिचकत विचारलं आहेस, 'वर्गात मुलांकडे खरंच बंदुका असतात का?' एखाद्याकडे असू शकते, कायद्याला धरून असू शकते. फक्त तुला ती दिसता कामा नये.

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला पिस्तूल लपवून बाळगता येतं. हे १ ऑगस्ट २०१६ पासून सुरू झालं. तू चालला आहेस त्या ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या टॉवरवरून झालेल्या गोळीबाराला नेमकी त्याच दिवशी ५० वर्षं झाली, याला काय म्हणायचं ते तू ठरव. २०२१ पासून बाहेर बहुतेक ठिकाणी परवान्याशिवायही चालतं, कॅम्पसवर मात्र परवाना लागतोच. खासगी विद्यापीठांना नाही म्हणायची मुभा आहे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने तसं केलं. तेव्हा 'आमच्याकडे तर...' म्हणणाऱ्या खासगी विद्यापीठांतल्या मित्रांचं फार मनावर घेऊ नकोस.

सिलॅबसमध्ये 'माझ्या वर्गात शस्त्र आणू नये' अशी ओळ टाकायचा मोह होईल. टाकू नकोस, तो अधिकार शिकवणाऱ्याला नाही. तिथल्याच तीन प्राध्यापिका यासाठी कोर्टात गेल्या होत्या. २०१८मध्ये अपील कोर्टानेही त्यांचा दावा फेटाळला. ऑफिसचा नियम वेगळा आहे. खोली एकट्याच्या नावावर असेल, तर तिथे पिस्तूल नको असं सांगता येतं, तेही तोंडी. दारावर चिठ्ठी चिकटवून भागत नाही. पण टीएला स्वतंत्र खोली देतं कोण? चौघांत एक खोली मिळते, म्हणजे ही सवलत प्राध्यापकांसाठीच. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण मार्कांवरून हुज्जत घालायला मुलं आधी टीएकडेच येतात.

आता तुझ्यापुरतं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या विद्यार्थ्याला जे चालतं ते तुला चालत नाही. एफ-१ व्हिसावरच्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्या वाटेला जाऊ नकोस. 'चल, रविवारी शूटिंग रेंजवर, नुसती हातात धरून बघ' असं रूममेट प्रेमाने म्हणेल. हसून नाही म्हण. त्याला ती गंमत वाटेल, तुझा व्हिसा पणाला लागेल.

शाळेत स्वयंसेवक म्हणून जाणार असलास, तर तिथले नियम कितीतरी कडक आहेत. १९९४च्या फेडरल कायद्यामुळे बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वर्षभर काढून टाकावं लागतं; प्रकरण पाहून शिक्षा कमी करायची मुभा असते.

वर्गात कुणाच्या शर्टाखालून पिस्तूल दिसलंच, तर त्याला हटकू नकोस. काहीतरी निमित्त काढून बाहेर पड आणि कॅम्पस पोलिसांना फोन कर.

आणि रुजू होण्याआधी विभागाला विचारून ठेव: ऑफिस अवर्स, म्हणजे मुलांना भेटायची वेळ, खोलीऐवजी चारचौघांत, लायब्ररीत घेतले तर चालतील का?

तुझा,
सर